उपाशी परडी

या ग्रुपवरचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते, आणि राग मानू नका, पण निम्म्या वेळा हसायला वाचते. कुणाला वडावर काय दिसलं, कुणाच्या गाडीला कोण आडवं आलं... मी धाराशिवमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्त, लघवी, थुंकी आणि रिपोर्ट. स्लाइडवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही, एवढा माझा साधा हिशोब. नवऱ्याला अंगात येणाऱ्या बायका दिसल्या की तो हात जोडतो, मी त्यांचं हिमोग्लोबिन किती असेल याचा अंदाज बांधते. तर अशी मी, आणि आज मीच लिहायला बसलेय. हसायचं असेल तर हसा, माझी हरकत नाही.

आधी एका माणसाबद्दल सांगावं लागेल. माझ्या नवऱ्याची, म्हणजे महेशची, सख्खी आत्या. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो. फार लवकर विधवा झाल्या आणि भावाकडं तामलवाडीला राहायला आल्या. त्या आराधी होत्या. आमच्याकडं तुळजापूरच्या देवीच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ घातलेली माणसं असतात, ती आराधी. मंगळवारी, शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायचा, परडीत, म्हणजे देवीच्या टोपलीत, पीठ-मीठ घ्यायचं आणि चौंडकं वाजवत देवीची गाणी म्हणायची. चौंडकं म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेलं लाकडी नळकांडं, त्याला एक तार. ती ताणून वाजवली की माणूस गळा दाटून बोलल्यासारखा आवाज येतो.

लग्नानंतर मी लॅबमधून सुटून कधी मंगळवारी तामलवाडीला गेले की आत्याबाई पहिल्यांदा माझ्यापुढं परडी धरायच्या. सासूबाई सूप भरून पीठ घेऊन उभ्या असल्या तरी नाही. "पैलं सूनबाईचं," म्हणायच्या. मी चिडवायची, "आत्याबाई, हात धुतलेत का बघा आधी, दिवसभर लोकांच्या थुंकीत होते." त्या खळखळून हसायच्या. "दाखव बघू," म्हणून खरंच माझे तळवे उलटेसुलटे करून बघायच्या आणि मग म्हणायच्या, "धुतल्यात. घाल." आमचा हा विनोद दर वेळी ठरलेला. घरात दुसऱ्या कुणाला त्याचं काही नसायचं, सासूबाई तोवर चुलीकडं वळलेल्या असायच्या.

तन्वी, आमची मुलगी, दोन वर्षांची असताना आत्याबाई गेल्या. तिला त्या अजिबात आठवत नाहीत, आणि त्यांचा धड एक फोटोही नाही, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायच्या. त्यांच्या मागं माळ कुणी घेतली नाही. सासूबाईंना गुडघे, मला नोकरी आणि अविश्वास. सासूबाई एवढंच करायच्या की दर मंगळवारी त्या परडीत चिमूटभर ज्वारीचं पीठ आणि हळदकुंकू टाकायच्या. "परडी उपाशी ठिवायची न्हाय," ही आत्याबाईंची ताकीद होती.

मागच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे फारच आखडले म्हणून आम्ही त्यांना कायमचं धाराशिवला आणलं. तामलवाडीच्या घराला कुलूप. मग परडीचं काय, माळेचं काय, चौंडक्याचं काय? सासूबाई म्हणाल्या, "कुणी घेणार नसंल तर धरणाच्या पाण्यात सोडा. न्हायतर सोबत घ्या." महेशला तेवढ्यात नवीन गोष्ट सुचली. आमच्याकडं गावाबाहेर एक मोठं सांस्कृतिक भवन बांधलंय. खाली नाट्यगृह, वरच्या मजल्यावर कलादालन. जिल्ह्यातल्या चित्रकारांची चित्रं, जुनी मातीची खेळणी, लाकडी मुखवटे, आणि एका बाजूला लोककलेची वाद्यं आणि वस्तू. त्यांना अशा गोष्टी हव्याच होत्या. महेश म्हणाला, "काचेत राहील, खाली आत्याचं नाव लागेल. पाण्यात सोडून काय मिळणार?" मला पटलं. उलट मीच त्याची बाजू घेऊन सासूबाईंना समजावलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

कलादालनाच्या लोकांनी काम व्यवस्थित केलं. परडी झटकली, पुसली, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलं आणि स्वच्छ, कोरडी, रिकामी परडी माळ-चौंडक्यासोबत काचेच्या पेटीत ठेवली. संग्रहालयात कुणीही हेच करेल. पिठानं किडे होतात, हे मी स्वतः त्यांना सांगितलं असतं.

आता तो मंगळवार. खाली नाट्यगृहात तन्वीच्या शाळेचा कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी वरच्या कलादालनाचं उद्घाटन. एकाच पाहुण्यात दोन्ही उरकायचं ठरलेलं. दुपारी तीनची वेळ, आणि पाहुणे पाच वाजले तरी येतील की नाही याची खात्री नाही, आपल्याकडं असतं तसं. शेवटी मुलं पेंगायला लागली म्हणून पाहुण्यांशिवायच नाच सुरू केले. पहिल्या रांगेतले सोफे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले, तसेच रिकामे. मी मागं पाचव्या-सहाव्या रांगेत बसले होते.

तन्वी चौथीत आहे. त्यांचा जोगव्याचा नाच होता. पंधरा-वीस मुली, हिरवी लुगडी, थर्माकोलच्या कवड्यांच्या माळा आणि हातात डेकोरेशनच्या दुकानातल्या बांबूच्या टोपल्या. गाण्यात मध्ये एक जागा होती, तिथं सगळ्यांनी स्टेजच्या कडेला येऊन प्रेक्षकांपुढं टोपली धरायची, "जोगवा वाढा गं माय" म्हणायचं आणि गिरकी घेऊन मागं जायचं. सगळ्या गेल्या. तन्वी गेली नाही. ती कडेला वाकून उभी. टोपली पुढं धरलेली, मान वर करून रिकाम्या सोफ्याकडं बघतेय, आणि हसतेय. मान हलवली. मग टोपली दोन्ही हातांनी सांभाळत, जड असल्यासारखी, हळू मागं गेली. मला वाटलं, स्टेप विसरली बया. शेजारच्या बाईला म्हटलंसुद्धा, "आमचंच ध्यान ते."

नाच संपला आणि टाळ्या चालू असतानाच लाइट गेली. जनरेटर होतं, पण ते चालू करणारा माणूस पाहुण्यांचे हार आणायला गेलेला. दारं उघडली, बाहेरचं ऊन आत आलं, गोंधळ झाला. मी स्टेजमागं गेले. मुलींना बिस्किटं वाटणं चालू होतं. रांगेत तन्वी नव्हती.

"तन्वी कुठंय गं?"

तिची मैत्रीण तोंडात बिस्किट धरून म्हणाली, "ती त्या आजींबरोबर वर गेली."

"कोणत्या आजी?"

"ज्यांनी तिला पीठ वाढलं त्या. समोर बसलेल्या."

पहिला विचार जो कुठल्याही आईच्या मनात येईल तोच माझ्या मनात आला. कुणीतरी पोरीला घेऊन गेलं. भूतबीत डोक्यात नव्हतं, माणसाचीच भीती होती. मी जिन्यानं पळत सुटले. 

वर कलादालनाचं मोठं काचेचं दार. उद्घाटन व्हायचं होतं म्हणून त्याच्या दोन्ही कड्यांतून साखळी घालून बाहेरून कुलूप लावलेलं आणि वर लाल फीत बांधलेली. फीत तशीच होती. मी वळणारच होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

चौंडक्याचा आवाज. तो मी विसरणं शक्य नाही. ट्यांव... ट्यांव... मग थोडं थांबून परत. आणि मला पक्कं माहीत होतं की आत ठेवलेल्या चौंडक्याला धड तारच नाही. आत्याबाई गेल्या त्याच आठवड्यात ती तुटली आणि कुणी नवी लावली नाही. तशीच, तुटक्या तारेसकट, आम्ही ती वस्तू दिली होती.

मी काचेला कपाळ लावून आत बघितलं. खिडक्यांच्या पडद्यांतून येणारा पिवळट उजेड. भिंतीवर चित्रं. आणि शेवटी, त्या काचेच्या पेटीपुढं, फरशीवर मांडी घालून माझी तन्वी बसलेली, माझ्याकडं पाठ करून. ती डुलत नव्हती, किंचाळत नव्हती, सिनेमात दाखवतात तसं काहीच नाही. कुणीतरी गोष्ट सांगतंय आणि आपण ऐकतोय अशी बसली होती. मधूनच "हो" म्हटल्यासारखी मान हलवायची. तिच्यासमोर कुणी नव्हतं. मी ओरडले, काच दोन्ही हातांनी बडवली. ती वळली नाही. मी आयुष्यात कधी एवढी घाबरले नव्हते, तिच्या जन्माच्या वेळी ठोके कमी झाले होते तेव्हासुद्धा नाही.

रखवालदार रशीदभाई आवाज ऐकून धावत आले. "ताई, क्या हुआ? कशाला दार तोडताव?"

"आत माझी मुलगी आहे!"

"आत कोन कसं जाईल? किल्ली माझ्या खिशात हाय सकाळपासून..." एवढं म्हणून त्यांनी आत बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आवाज त्यांनाही येत होता. हे मी नंतर त्यांना परत परत विचारलंय. "आया ताई, ट्यांव-ट्यांव, अल्लाकसम," एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात.

त्यांना किल्ली लागेना. ती फिरली, आणि आवाज थांबला.

तन्वी वळली. "आई, तू रडतेस का?" अगदी नेहमीचा आवाज. मी तिला छातीशी धरलं तेव्हा मला काहीतरी टोचलं. तिच्या गळ्यात थर्माकोलची माळ नव्हती. खऱ्या कवड्यांची होती. वापरून पिवळ्या पडलेल्या, मधली एक कडेला फुटलेली. आत्याबाईंची माळ.

कलादालन सांभाळणारे देशमाने सर आले. पेटीला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या कपाटात. पेटीत माळेच्या जागी नुसत्या टाचण्या होत्या. आणि त्यांनी झटकून, औषध मारून ठेवलेल्या परडीत ज्वारीचं पीठ होतं, वर हळदकुंकू. तन्वीची डेकोरेशनची टोपली मात्र रिकामी, कडेला थोडं पीठ चिकटलेलं. देशमाने सर चष्मा पुसत राहिले. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, हे पाहुण्यांसमोर नको." माळ परत पेटीत गेली. पाहुणे आले, फीत कापली, फोटो झाले. मी तोवर पोरीला घेऊन घरी पोचले होते.

महेशचं म्हणणं, दुसरं एखादं दार असेल, कुणीतरी पेटी उघडी टाकली असेल. दुसरं दार नाही. मी नंतर त्यालाच नेऊन दाखवलं. पण त्या संध्याकाळी मलाही तसंच म्हणायचं होतं, म्हणून मी मान डोलावली.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पलंगावरून उठून बसल्या. "माळ? पोरीच्या गळ्यात पडली?"

"पडली म्हणजे कुणीतरी घातली असेल..."

"घरात कुणी घेतली न्हाय की ती आपसूक माणूस हुडकती. गळ्यात पडली म्हंजी पडली. आता तिचीच." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "मी सांगितलं व्हतं पाण्यात सोडा म्हून."

मी खूप बोलले त्यांना. नको तेवढं बोलले. माझी पोर डॉक्टर होईल नाहीतर आणखी काही होईल, पण दारोदार परडी घेऊन फिरणार नाही, आणि या घरात तिच्यासमोर या विषयाचा एक शब्दही कुणी काढायचा नाही. आत काय झालं, कोण आजी, काय बोलली, काहीच विचारायचं नाही. विसरून जाईल ती. सगळ्यांनी ऐकलं. तन्वी तर दुसऱ्याच दिवशी सायकल घेऊन हुंदडायला लागली.

पुढच्या मंगळवारी मी लॅबमधून घरी आले तर शेजारच्या काकू फाटकात उभ्या. "अगं, तन्वीला कुठल्या स्पर्धेत घेतलंय का? केवढी गोड दिसत होती. दुपारी आली होती जोगवा मागायला. पीठ वाढलं मी."

मी म्हटलं, "काकू, ती शाळेत होती."

"लुगडं नेसलेलं, गळ्यात माळ. मी ओळखणार नाही का तिला?" त्या जरा रागावल्याच.

मी तिथूनच वर्गशिक्षिकांना फोन लावला. तन्वी पूर्णवेळ वर्गात होती, पहिल्या बाकावर. मग मी गल्लीत विचारत गेले, आणि प्रत्येक दाराशी माझा आवाज बारीक होत गेला. पाच घरं निघाली. पाचही घरांत पीठ वाढलेलं. एकीनं तर विचारलं, "पण परडी भरली तरी पोर रडत का होती गं?"

मी तशीच घरी येऊन तन्वीला मांडीवर घेऊन बसले, एवढी मोठी झालीय तरी. कपाळाला हात लावला, ताप नाही. डोळे बघितले, जीभ बघितली. माझ्या विद्येत जेवढं होतं तेवढं बघितलं आणि ते फारच थोडं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सासूबाईंना रिक्षात घालून कलादालनात घेऊन गेले. देशमाने सर बहुतेक आमची वाटच बघत होते. काल परडी पुन्हा भरलेली होती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पेटी उघडून म्हणाले, "तुमचंच आहे. तीनही वस्तू घेऊन जा. कृपा करा."

सासूबाईंनी माळ कपाळाला लावली. "आई, म्या घेते," त्या पेटीला म्हणाल्या, "पोरीला सोड." आणि गळ्यात घातली. गाठ मारायच्या आतच दोरा तुटला. कवड्या फरशीवर टणाटण उड्या मारत चहूकडं पळाल्या. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या, हात गळ्याशी. "मला न्हाय घेत ती," एवढंच म्हणाल्या.

मी खाली बसून कवड्या वेचल्या. शोकेसखालून, चित्रांच्या पायाशी, सगळ्या. वेचताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. मग मी मोठ्यानं म्हटलं, त्या रिकाम्या दालनात, रशीदभाई आणि सर ऐकत असताना म्हटलं, की मी घेते. मला यातलं काही पटत नाही, पण मी घेते. माझ्या मुलीच्या वाटेला जायचं नाही.

घरी येऊन नायलॉनच्या दोऱ्यात माळ ओवली आणि घातली. दोरा तुटला नाही.

त्यानंतर गल्लीत तन्वी कुणाला दिसली नाही. दर मंगळवारी मी लॅबमधून सुटले की पाच घरं करते. पहिल्यांदा लाजेनं मेले होते. ओळखीचे पेशंट भेटतात. सकाळी ज्यांचं रक्त काढलं त्यांच्याच दारात संध्याकाळी परडी घेऊन उभी. आता सवय झालीय. स्वतःला सांगत होते की हा सौदा मी पोरीसाठी केलाय, आणि मी तिला वाचवलंय. त्या एका गोष्टीवर मी रात्री शांत झोपत होते.

हे सगळं आज का लिहितेय, तर परवाच्या मंगळवारी मी आरशापुढं माळ घालत होते आणि तन्वी शेजारी केस विंचरत होती. सहज म्हणाली, "आई, तू ही एवढ्या उशिरा का घातलीस? त्या आजी तर तेव्हाच म्हणाल्या होत्या."

मी म्हटलं, "काय म्हणाल्या होत्या?"

"की ही माळ तुझ्या आईची आहे, तू नुसती नेऊन दे. मी घालून येत होते तर सरांनी काढून घेतली. मग मला कुणी काही विचारलंच नाही. तूच सगळ्यांना सांगत होतीस, विषय काढायचा नाही, मी ऐकलं."

माझे हात गळ्याशीच थांबले. तिला काही कळलं नाही, ती भांग पाडत होती.

"आणि हां," ती म्हणाली, "त्यांनी अजून एक सांगितलं होतं. आईला म्हणावं, आधी हात दाखव. धुतलेत का बघायचेत."

तन्वीला हा विनोद माहीत नाही. महेशलाही नाही, मी त्याला त्याच रात्री विचारलं. मला याचा अर्थ लागत नाही, आणि लागावा असं आता वाटतही नाही. फक्त परडी हातात घ्यायच्या आधी मी नळाखाली हात धुते, साबणानं, कोपरापर्यंत. आणि मग थोडा वेळ दोन्ही तळवे तसेच पुढं धरून उभी राहते.